मेश्राम मॅडम आणि माझी पोटदुखी

मेश्राम मॅडमबद्दल मला चांगलं लिहायचं आहे. आणि ते लिहिताना माझा हात अडतो, हेही आधीच सांगून टाकतो. तीन वर्षं आम्ही एकाच स्टाफरूममध्ये बसलो, एकच विषय शिकवला, आणि त्या तीन वर्षांत मला त्यांचा हेवा वाटला नाही असा दिवस आठवत नाही.

आमचं कॉलेज शनिवार पेठेत, कॉमर्सचं. आमच्या विषयाचं विद्यापीठानं ठेवलेलं नाव लांबलचक आहे : ‘व्यवसायासाठी संगणक माहिती प्रणाली आणि नेटवर्कची मूलतत्त्वे’. मुलं नुसतं ‘कॉम्प्युटर’ म्हणतात. हा विषय कॉलेजात माझा होता. एकोणीस वर्षं मी तो शिकवत होतो. माझ्या नोट्स कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार बांधून मिळत. ‘दामले सरांच्या नोट्स पाठ केल्या की सुटलो’ असं मुलं एकमेकांना सांगत, आणि ते कानावर आलं की मला बरं वाटे.

विद्यार्थी वाढले, तुकड्या दोनाच्या चार झाल्या, तेव्हा प्राचार्यांनी वर्षावर्षाच्या करारानं एक बाई नेमल्या. वंदना मेश्राम. वय पंचेचाळीसच्या आसपास, नेसणं सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. पहिल्या दिवशी पिशवीतून त्यांनी डबा काढला, पुस्तक काढलं, आणि मग एक स्क्रूड्रायव्हर, टेस्टर आणि नेटवर्कच्या वायरीला टोक बसवायचा चिमटा काढून टेबलावर ओळीनं मांडला. मी म्हटलं, “मॅडम, इथे शिकवायचं असतं. दुरुस्तीला माणूस येतो.”

“येऊ द्या ना जी,” त्या म्हणाल्या. “तो येईपर्यंत आपण पाहून घेऊ.”

त्या नागपूरच्या. वडील टेलिफोन खात्यात लाइनमन होते, त्यांच्या सायकलवर मागे बसून ही मुलगी खांबाखांबानं हिंडली. पुढे शिकून दहा वर्षं कारखान्यांमध्ये नेटवर्क बसवायची कामं केली. नवऱ्याची बदली पुण्याला झाली म्हणून इकडे आल्या. बोलणं अस्सल नागपुरी : ‘काय करून राहिले सर?’, ‘मी आत्ताच आली’. आमच्या स्टाफरूममध्ये कुणी काही म्हणालं नाही. पुण्यात असं कुणी काही म्हणत नाही. फक्त एका सहकाऱ्यानं चहा पिता पिता विचारलं, “मेश्राम म्हणजे... नक्की कुठले आपण?”

“नागपूरचे. बौद्ध,” त्या म्हणाल्या. “आणखी काही विचारायचं राहिलं का सर?”

मी मनात म्हटलं, बाई फटकळ आहेत. ज्यानं विचारलं त्याच्याबद्दल मी मनात काहीच म्हटलं नाही, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

त्यांच्या वर्गाशेजारीच माझा वर्ग. मधे एक पातळ भिंत. मी इकडे व्याख्या सांगायचो : “माहिती प्रणाली म्हणजे आकडे व तपशील गोळा करणे, साठवणे, त्यांवर प्रक्रिया करणे व निर्णयासाठी पुरवणे यांकरिता परस्परांशी जोडलेल्या घटकांचा संच.” ही व्याख्या मुलं खाली मान घालून उतरवून घेत असताना पलीकडून हसण्याचा आवाज यायचा. मग कुणीतरी तावातावानं भांडल्यासारखं बोलायचं. मग शांतता. ती शांतता मला सर्वांत जास्त झोंबायची, कारण ती कंटाळ्याची नव्हती. एकोणीस वर्षांत कंटाळ्याची शांतता कशी असते हे मला चांगलं कळू लागलं होतं.

एकदा त्यांनी प्राचार्यांकडे अर्ज केला : पहिल्या वर्षाच्या मुलांना मार्केट यार्डात न्यायचं आहे, सकाळी सहा वाजता. प्राचार्यांनी मला बोलावलं. “दामले, तुम्ही ज्येष्ठ आहात. सोबत जा. काही घोटाळा नको.”

मी गेलो. माझी मुलगी मुक्ता त्याच वर्षी आमच्याच कॉलेजात आली होती आणि नेमकी मेश्राम मॅडमच्या तुकडीत पडली होती. तीही होती. बटाट्याच्या गाळ्यासमोर मुलं पेंगत उभी होती. मॅडमनी त्यांचे चार गट केले. एक गट व्यापाऱ्याच्या मागे, एक हमालाच्या, एक टेम्पोवाल्याच्या आणि एक बटाटे घ्यायला आलेल्या वडापाववाल्याच्या.

“तुमच्या माणसाला त्रास द्यायचा नाही,” त्यांनी बजावलं. “फक्त एवढं पाहायचं. त्याला काय ठाऊक आहे? ते त्याला कोणी सांगितलं? आणि त्यानं पुढे कोणाला सांगितलं? तासाभरानं इथंच भेटू.”

मी हाताची घडी घालून उभा राहिलो. मनात म्हटलं, परीक्षेत हे कोण विचारणार आहे?

तासाभरानं मुलं परत आली तेव्हा पेंगत नव्हती. व्यापाऱ्याच्या गटानं सांगितलं, की त्याच्याकडे कॉम्प्युटर आहे, कुठल्या गावाहून किती पोती आली ते सगळं त्यात आहे. मग मुक्ता पुढे झाली. तिचा गट हमालाच्या मागे होता.

“मॅडम, त्या काकांनी पोतं खांद्यावर घेतलं आणि लगेच म्हणाले, यात पाणी गेलंय. ते पोतं त्यांनी वेगळं नाही ठेवलं. मी विचारलं, का? तर म्हणाले, ‘मला ठावं हाय, पर मला कोन इचारतंय?’”

वडापाववाल्याच्या गटातला एक मुलगा ओरडला, “अरे, तेच पोतं आमच्या माणसानं घेतलं असणार! तो म्हणत होता, दर वेळी एखादं ओलं निघतंच.”

मुलं एकमेकांकडे पाहू लागली. मग मुक्तानंच विचारलं, “मॅडम, मग हमालकाकांना जे माहीत आहे ते कॉम्प्युटरमध्ये का नाही?”

मेश्राम मॅडम हसल्या. “हे विचारलंस ना पोरी, इथून आपला विषय सुरू झाला.”

तिथेच गाळ्याच्या पायरीवर बसून त्यांनी मुलांकडून एका पुठ्ठ्यावर रेघा मारून घेतल्या : कुठली बातमी कुणाकडून कुणाकडे जाते आणि कुठे अडते. हमालाकडून एकही रेघ बाहेर पडत नव्हती. माझ्या नोट्समध्ये हीच आकृती होती, सहा चौकोन आणि बाण, पान तेरा. मी ती स्वतः कधी कुठे घडताना पाहिली नव्हती.

घरी आल्यावर मुक्ता आईला सगळं सांगत होती. मी पेपर उघडून बसलो होतो. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सहज म्हणाली, “बाबा, तू शिकवतोस ते पाठ होतं. त्या शिकवतात ते कळतं.”

तिला वाईट बोलायचं नव्हतं. तिला वाटलं, दोन्हीही चांगलंच आहे. पुढच्या काही दिवसांत ती घरात ‘मी येऊन राहिले’, ‘काय करून राहिलास बाबा?’ असं बोलायला लागली. आईला गंमत वाटायची. मी एकदा चिडून म्हणालो, “पुण्यात राहतो आपण. नीट मराठी बोल.” तिनं चमकून पाहिलं. मलाही माझा आवाज ओळखीचा वाटला नाही.

दुसऱ्या वर्षी कॉलेजात तपासणी समिती यायची होती. त्या दिवशी मी सकाळी आठलाच पोचलो. ऑफिसच्या कोपऱ्यात एक लोखंडी कपाट आहे, त्यात नेटवर्कचा मुख्य डबा. सगळ्या खोल्यांतल्या वायरी येऊन त्यात जोडल्या जातात. कपाटाचं दार उघडं होतं आणि एक निळी वायर बाहेर लोंबत होती. समितीला हे काय दिसणार, म्हणून मी ती उचलली, डब्यात एक रिकामं भोक दिसलं त्यात खोचली आणि दार लावून टाकलं. नीटनेटकं केल्याचं समाधानही वाटलं.

साडेदहाला खोल्याखोल्यांतले कॉम्प्युटर सुरू झाले आणि नेटवर्क बंद पडलं. प्रयोगशाळेतले कॉम्प्युटर, ऑफिसातले, ग्रंथालयातले, सगळेच. समिती अकराला यायची. दुरुस्तीच्या माणसानं फोनवर सांगितलं, डबा गेला असेल, नवीन घ्यावा लागेल, उद्या येतो. प्राचार्य माझ्याकडे वळले. “दामले, तुमचा विषय आहे. बघा काहीतरी!”

मी कपाट उघडलं. डब्यावरचे सगळे हिरवे दिवे एकदम, वेड्यासारखे लुकलुकत होते. मी तो बंद करून पुन्हा चालू केला. दिवे पुन्हा तसेच. त्यापुढे काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं.

मेश्राम मॅडम तासावरून आल्या. हाताला खडू तसाच होता. त्यांनी आधी विचारलं, “काल संध्याकाळपर्यंत तर चालू होतं. आज सकाळपासून इथं कोणी काही हलवलं का?”

कुणी बोललं नाही. मीही बोललो नाही. खरं सांगतो, त्या क्षणापर्यंत ती वायर माझ्या डोक्यातच आली नव्हती. त्यांनी विचारल्यावर मात्र आली, आणि तरीही मी बोललो नाही.

त्यांनी दिव्यांकडे पाहिलं. मग एकेक वायर बोटांत धरून टोकापर्यंत नेत गेल्या. सातवी की आठवी निळी होती. ती डब्यातून निघाली, कपाटाच्या तळाशी वेटोळं घेऊन वर आली आणि त्याच डब्यात शिरली. त्यांनी एक टोक उपटलं. मिनिटभरात दिवे शांत झाले. ग्रंथालयातून कुणीतरी ओरडलं, “आलं, आलं!”

“झालं काय होतं?” प्राचार्यांनी विचारलं.

“वायरीची दोन्ही टोकं एकाच डब्यात. निरोप इथून निघाला, इथंच परत आला, पुन्हा निघाला. एकाच निरोपाच्या हजार नकला फिरून राहिल्या होत्या. रस्ताच भरला, मग खऱ्या निरोपाला जागा कुठून मिळणार?”

“पण हे केलं कुणी?”

मॅडमनी वळून पाहिलं. माझ्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीला कपाटाच्या धुळीचा काळा पट्टा होता. त्यांची नजर त्या पट्ट्यावर थांबली, माझ्या चेहऱ्यावर आली आणि पुढे गेली.

“लोंबती वायर दिसली की माणूस खोचतोच सर,” त्या म्हणाल्या. “चूक आपली आहे. वायरीवर चिठ्ठी पाहिजे होती.”

त्याच आठवड्यात त्यांनी प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावल्या, स्वतःच्या गोल अक्षरात : ‘ग्रंथालय’, ‘प्राचार्य’, ‘लॅब खिडकीकडची’. मला त्या कधी काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. वायरीच्या अशा फेऱ्याला लूप म्हणतात, आणि ‘लूप म्हणजे काय?’ हा प्रश्न मी दर वर्षी पाच गुणांसाठी घालत होतो. उत्तर मला तोंडपाठ होतं. समोर आल्यावर मला ते ओळखू आलं नाही आणि त्यांनी ते बोटांनी ओळखलं. शिवाय मला झाकलं. एखाद्यानं आपली चूक पकडली तर त्याचा राग करता येतो. पकडून सोडून दिली तर तो राग कुठे ठेवायचा ते कळत नाही. मी तो मनात ठेवला.

तिसऱ्या वर्षाच्या अखेरीला त्यांचा करार संपत होता. प्राचार्यांनी रिवाजाप्रमाणे माझ्याकडून लेखी मत मागवलं. मी घरी टेबलाशी बसलो. आतल्या खोलीत मुक्ता मैत्रिणीला फोनवर सांगत होती, “आमच्या मेश्राम मॅडम ना...” मी दार लोटून घेतलं आणि लिहिलं : ‘विषयाची सैद्धांतिक मांडणी अपुरी. अभ्यासक्रमातील एक घटक यंदा पूर्ण शिकवला गेलेला नाही. वर्गात शिस्तीचा अभाव.’

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. त्यांचा एक घटक खरंच राहिला होता. व्याख्या त्या खरंच कमी सांगत. वर्गात आवाज खरंच असे. मी चार वेळा वाचलं, खोटं काही सापडलं नाही, आणि सही केली.

करार वाढवला नाही. प्राचार्य म्हणाले, “तुमच्यासारख्या माणसानं लिहिल्यावर मी काय करणार?”

शेवटच्या दिवशी मॅडम लॅबच्या किल्ल्या द्यायला माझ्या टेबलाशी आल्या. किल्ल्यांनाही चिठ्ठ्या होत्या. किल्ल्या ठेवून त्या उभ्याच राहिल्या.

“तुमचं मत वाचलं सर. मी मागितलं, तर प्राचार्यांनी दाखवलं.”

माझ्या तोंडून एवढंच आलं, “मॅडम, मी त्यात खोटं काही...”

“नाही ना जी. खोटं काहीच नाही लिहिलं तुम्ही. खरं लिहिलं, पण अर्धं लिहिलं.” मग पिशवी खांद्याला लावून म्हणाल्या, “खिडकीकडचे तीन कॉम्प्युटर पावसाळ्यात झाकून ठेवत जा. तिथं गळते.”

आणि गेल्या. नवी नेमणूक होईपर्यंत चारही तुकड्या माझ्याकडे आल्या. भिंतीपलीकडचा आवाज बंद झाला. मला वाटलं होतं, आता मोकळं वाटेल. झालं असं की शिकवताना माझा स्वतःचाच आवाज मला ऐकू यायला लागला. मुलं खाली मान घालून लिहीत असायची.

मुक्तानं पदवी घेतली, पुढे दोन वर्षं एम.कॉम. केलं आणि खराडीच्या एका कंपनीत लागली. पहिल्या दिवशी घरी येऊन म्हणाली, “मला विचारलं, तुमच्या कॉलेजात हे सगळं इतकं नीट कोणी शिकवलं? मी मॅडमचं नाव सांगितलं. बाबा, त्यांना का काढलं रे?”

जेवणाची ताटं समोर होती. मी तिला सांगितलं. मत काय लिहिलं ते सांगितलं आणि निळ्या वायरीचंही सांगितलं. तिनं हातातला घास ताटात ठेवला. आई म्हणाली, “अगं, जेव.” मुक्तानं घास उचलला नाही.

“मग आता?” तिनं विचारलं.

तिसऱ्या दिवशी मी प्राचार्यांना पत्र लिहिलं. या वेळी पूर्ण लिहिलं. तपासणीच्या दिवशीची चूक माझी होती, ती मेश्राम मॅडमनी दुरुस्त केली आणि माझं नाव घेतलं नाही. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं विषय समजून बाहेर पडली. माझं आधीचं मत मत्सरातून आलं होतं, त्याबद्दल मी त्यांची माफी मागतो. ‘मत्सर’ हा शब्द दोनदा खोडला आणि तिसऱ्यांदा ठेवला. प्राचार्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला. “दामले, त्या जागेवर आता दुसरी नेमणूक झाली आहे. याचा उपयोग काय?” पत्र त्यांनी फाइलला लावलं, एवढंच झालं.

मग एका शनिवारी मुक्तानं दिलेला पत्ता घेऊन मी कात्रजला गेलो. चौकाच्या पुढे एका दूधडेअरीवर माडी होती, तिथे मॅडम वर्ग घेत. बाहेर पाटीवर लिहिलं होतं : ‘धंद्यासाठी कॉम्प्युटर – शनिवार दुपार’. जिना चढताना मला धाप लागली. त्या दारातच उभ्या होत्या. केस थोडे पिकले होते.

“अरे, सर! या ना. काहून आले एवढ्या लांब?”

पत्राची एक प्रत मी खिशात ठेवली होती. ती दिली. त्यांनी उभ्या उभ्या वाचली, सावकाश, शेवटपर्यंत. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, पाटीकडे पाहिलं.

“लिहायला जड गेलं असेल,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“माझेही दोन महिने जड गेले तेव्हा. घरी बसली होती मी.” त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. मला वाटलं, आता त्या म्हणतील, जाऊ द्या सर. त्या तसं म्हणाल्या नाहीत. “माझा तास आहे आता. बसायचं तर बसा मागे.”

मी बसलो. वर्गात पंधरा-सोळा माणसं होती. खानावळ चालवणाऱ्या दोन बहिणी, एक शिंपी, रिक्षाचे सुटे भाग विकणारा एक म्हातारा, आणखी कुणी. मॅडम नेटवर्कबद्दल बोलत होत्या : दुकानातला फोन, छपाईचं यंत्र आणि कॉम्प्युटर एकमेकांना कसे ओळखतात. म्हाताऱ्यानं हात वर केला.

“बाई, माझ्या दुकानात शेजारच्याचं वायफाय येतं. मग माझ्या फोनातलं त्याला दिसतं का?”

मॅडम थांबल्या. विचार केला. माझ्याकडे या प्रश्नाचं उत्तर तयार होतं. खरंतर दोन उत्तरं होती, दोन्ही नोट्समधली, आणि ती एकमेकांशी जुळत नव्हती.

“पक्कं नाही सांगता येणार काका,” त्या म्हणाल्या. “ते तिथं कसं बसवलं आहे त्यावर आहे. मला ठाऊक नाही. सोमवारी तुमच्या दुकानात येते, पाहते, मग सांगते.”

म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि समाधानानं बसला. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. ‘मला ठाऊक नाही.’ एकोणीस आणि वर पाच, चोवीस वर्षांत हे वाक्य मी वर्गात एकदाही उच्चारलं नव्हतं. त्यांनी ते पाणी प्यावं तसं उच्चारलं आणि पुढे शिकवू लागल्या.

तास संपायच्या आधीच मी उठलो. त्यांनी फळ्याकडून मान वळवून मला नमस्कार केला, हातात खडू तसाच. खाली उतरून स्टॉपवर आलो. बस यायला वेळ होता. समोरच्या माडीची खिडकी उघडी होती. सगळे खुर्च्या सोडून उठले होते आणि मधे कुठेतरी मॅडम असाव्यात. मला दिसत होता तो फक्त त्यांचा वर केलेला हात, काहीतरी उंच धरलेला, आणि त्याच्याकडे लागलेले पंधरा चेहरे. त्यातलं कुणीच काही लिहून घेत नव्हतं.

बस आली. मी चढलो, खिडकीशी बसलो, आणि बस वळेपर्यंत त्या हाताकडे बघत राहिलो. माफी मागून झाली होती. हेवा मात्र पूर्वीइतकाच होता.